वैशू, तू सोडलं नव्हतंस

वैशू, वाघावर माझा राग नाही. हे आधी लिहून टाकते, कारण तू गेल्यापासून जो भेटतो तो मला वाघाबद्दलच सांगून राह्यला आहे. नर होता की मादी, पिंजरा कुठे लावला, कॅमेऱ्यात दिसला का. पेपरवाल्यांनी तुझा फोटो आणि वाघाचा फोटो शेजारी शेजारी छापले. वाघाचा मोठा छापला. वाघ त्याच्या जंगलात होता. मोहाखाली सकाळी सकाळी फुलं वेचायला वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटलं नाही. माझा राग त्याच्यावर आहे, ज्यानं एम.एस्सी.च्या मधोमध तुला वर्गातून उचलून त्या मोहाखाली नेऊन वाकवलं. त्याच्यासाठी कोणी पिंजरा लावत नाही. तो रोज अकरा वाजता शिष्यवृत्तीच्या ऑफिसात येतो, पंखा लावून घेतो आणि चहा सांगतो.

महिना व्हायला आला. तुझ्या बरण्या अजून आपल्या गडचिरोलीच्या खोलीत, खिडकीत तशाच आहेत. तळ्यातले देशी मासे, औषधाच्या पाण्यात उभे. प्रत्येक बरणीवर तुझ्या अक्षरात चिठ्ठी: तळ्याचं नाव, कोणत्या महिन्यात सापडला, आणि शेवटी "आईने ओळखला". तुझ्या प्रकल्पाच्या सरांनाही ज्यांची नावं येत नव्हती ते मासे तुझ्या आईनं नुसते हातात धरून सांगितले होते. घरमालक म्हणतो, वास येतो, फेका. मी म्हटलं, हात लावून पाहा.

तू ढीवराच्या, मासेमाराच्या घरची, तळ्याकाठची. मी बौद्धाच्या घरची, राजुऱ्याकडची, बाबा कोळशाच्या खाणीत. तू प्राणिशास्त्राला, मी समाजशास्त्राला. खोलीचं भाडं एकटीला झेपत नव्हतं म्हणून एकत्र आलो, एवढीच आपली सुरुवात. मी संघटनेची पत्रकं लिहायचे आणि तू खाटेवर पालथी पडून पेन्सिलीनं ती तपासायचीस. मला नाव ठेवलं होतंस पत्रकबाई.

"काय व पत्रकबाई, 'निर्लज्ज, मुजोर, संवेदनाहीन प्रशासन.' तीन तीन काऊन लावते? एकानं नाई मरत का ते?"

"वजन येते त्यानं."

"वजन धानाच्या पोत्याले रायते. तू साधं लिव."

साधं लिव. हे तू मला किती वेळा म्हणालीस आणि मी किती वेळा हसले. या लेखातही मी कालपासून शब्द खोडत बसले आहे. त्या ऑफिसरसाठी माझ्याकडे पानभर शब्द आहेत. तू एकच ठेवू दिला असतास. मी तोही ठेवत नाही. त्यानं काय केलं तेवढं लिहिते.

त्याआधी तो दगड. तुझ्या गावी मी पहिल्यांदा आले ती वाट. फाट्यावर एसटीतून उतरलो आणि जंगलातून चालत निघालो. एका ऐनाच्या झाडाखाली दगडांचा ढीग होता, वर वाळलेल्या डहाळ्या. तू बोलता बोलता थांबलीस, वाकलीस, एक दगड उचलून त्या ढिगावर ठेवलास. मला म्हणालीस, "ठेव एक."

"कोनता देव हाय हा?"

"देव नाई व. इथी एका बाईले वाघानं धरलं होतं. मी लहान होतो तवा. तवापासून इथून जानारा एक दगड ठेवते."

"काऊन पन?"

"तिले समजाले पाह्यजे ना, का इथून कोनी गेलं, अन् तिले पाहून गेलं."

मी बावीस प्रतिज्ञांच्या घरची. मी तिथेच भाषण सुरू केलं. म्हटलं, हे असंच असते, आज दगड, उद्या शेंदूर, परवा पुजारी, मी नाई ठेवत. तू ऐकून घेतलंस. मग आणखी एक दगड उचललास, तोही ठेवलास आणि हात झटकलेस.

"हा तुहा."

"मी नाई म्हटलं ना!"

"म्हनून तं मी ठेवला. अन् तुमी मोर्चात मेनबत्त्या लावता ते कोनता देव हाय, सांग बरं?"

गावच्या तळ्याची पाळ दिसेपर्यंत आपण भांडत गेलो. मेणबत्तीचं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही. नंतर सुचेल असं वाटलं होतं. भांडण तसंच राहिलं.

आता निवेदनाचं सांगते. हे मी महिनाभर कोणाला सांगितलेलं नाही.

तिसऱ्या सत्रात तुमच्या शिष्यवृत्ती योजनेचा भत्ता आलाच नाही. खोलीचं भाडं, मेसचे पैसे, तुझ्या बरण्यांचं औषध, सगळं त्याच्यावर होतं. योजनेतले अकरा जण होतात तुम्ही. खेटे घालून पाय दुखले तेव्हा मी म्हटलं, निवेदन देऊ. मी लिहिलं. एकटाकी लिहिलं, आणि शेवटची ओळ अशी आली की माझी मीच खूश झाले: "असली भीक आम्हाला नको!"

तू त्या ओळीभोवती पेन्सिलीनं गोल काढलास.

"हे काढ."

"काऊन?"

"भीक कोन म्हनलं? माय गावात सांगते, सरकार माह्या पोरीले हक्कानं शिकवून राह्यलं. अन् 'नको' काऊन लिवते? आपल्याले पाह्यजे ना. पाह्यजे म्हनूनच तं चाललो."

"ते लढ्याची भाषा रायते, वैशे."

"लढ्याले समजते. बाबूले समजन का?"

मी ओळ काढली नाही. तू तोंड फुगवूनच सही केलीस. अकरावी, सगळ्यांच्या खाली. सहीपुढे तुझा अर्ज क्रमांक लिहिलास आणि बाकीच्यांनाही लिहायला लावलास, म्हणजे ऑफिसवाल्यांना शोधावं लागणार नाही. माझी सही त्यावर नव्हती. बाबांची नोकरी कायम आहे, मी योजनेत बसतच नव्हते. ज्या ओळीनं तुझं शिक्षण गेलं ती ओळ माझी होती, आणि तिच्याखाली माझी सही नव्हती. हे आज छापून टाकते, वैशू. साधं लिहिलं आहे.

तीन आठवड्यांनी ऑफिसच्या फळ्यावर यादी लागली. अकरा नावं, त्यांच्यापुढे एकच शेरा: "लाभाचा हक्क स्वेच्छेने सोडला." आपण दोघी धावत आत गेलो. तुला आठवतं, साहेबानं आपल्याला खुर्च्या दिल्या.

"हे तुम्ही लिहिता का?" त्यानं मला विचारलं. "भाषा छान आहे."

मग फाईल उघडून निवेदन आपल्यापुढे सरकवलं. माझ्या ओळीखाली लाल शाईची रेघ होती.

"'नको' असं स्पष्ट लिहिलंय. अर्ज क्रमांकासह. आता विद्यार्थी स्वतःच नको म्हणतात, तर शासन जबरदस्ती कशी करणार?"

मागे बाबू खुदकन हसला. साहेब हसला नाही. त्याला सगळं कळत होतं. निवेदन पोचल्याची पोच त्याच्याच सहीची आहे, विषयात "थकीत भत्ता तात्काळ मिळणेबाबत" असं लिहिलेलं आहे. त्यानं विषय वाचला, मजकूर वाचला, आणि त्यातून कामाची एक ओळ उचलली. गैरसमज झाला असं कोणीही म्हणू नये. मी म्हणू देणार नाही.

वाटही त्यानंच दाखवली. ज्याला परत हवं त्यानं आठवडाभरात स्वतः हजर राहून माफीनामा द्यायचा: "इतरांच्या चिथावणीने सही केली, क्षमा असावी." इतरांच्या म्हणजे माझ्या.

दहा जणांनी दिला. मी त्यांना गद्दार म्हटलं. संघटनेच्या गटावर तसं लिहिलंसुद्धा. घरून पैसे येत नसलेल्या पोरापोरींना, घरून पैसे येणाऱ्या मी, गद्दार म्हटलं. तूही लिहून आणलास, रेघांच्या कागदावर, सुवाच्य. मला दाखवलास. तू चोरून दिला असतास तरी चाललं असतं, पण तुला चोरून काही जमायचंच नाही.

मी म्हणाले, "दे नेऊन. अन् उद्यापासून मले ओळख देऊ नको."

 ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू कागदाची घडी केलीस.

"दहा गेले व. मीही गेलो तं तू एकटीच पडशील."

आठवडा संपला. त्यानंतर तू दोन महिने ओढलेस. सकाळी मेस, रात्री माझ्या डब्यातलं अर्धं. मी म्हणत होते, कोर्टात जाऊ, संघटना खोलीचं पाहील. संघटनेनं पाहिलं नाही, आमच्याकडे झेंडे सोडून काही नसतं. फाल्गुन लागला तेव्हा तू कपडे भरलेस. म्हणालीस, एक हंगाम मोहफूल वेचतो, मायसंगं झिंगे विकतो, जूनमध्ये येतो. बरण्या ठेवून गेलीस, म्हणजे येणारच होतीस. जी बाई सोडून जाते ती बरण्या ठेवून जात नाही. हा पुरावा त्या साहेबाच्या फाईलमध्ये बसत नाही, म्हणून इथे लिहिते.

शेवटचा फोन तुझाच होता. "औंदा मोहफूल चांगलं पडून राह्यलं. बरन्या हलवजो नको." मी म्हटलं, "बरं." मी अजून रागावलेली होते. कशावर, ते आता मला समजतं. तू शेवटची ओळ बरोबर ओळखली होतीस म्हणून. मला फक्त "चुकलं" एवढं म्हणायचं होतं. फोन हातात होता.

चार दिवसांनी तुझ्या गावच्या पोरानं मला व्हिडिओ पाठवला. मी तो पाहिला नाही.

वनविभागाचे लोक त्याच दिवशी तुझ्या अंगणात आले. पंचनामा झाला, मदतीचा कागद झाला, तातडीची रक्कम तुझ्या आईच्या हातात पडली. त्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांनी त्यांचं काम केलं. पण वैशू, तू जिवंत होतीस तेव्हा तुझा कागद तिसऱ्या सत्रापासून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला नाही. मेल्यावर तुझा कागद पळत आला.

आठव्या दिवशी मी आले तेव्हा तुझी आई, माझ्या मावशी, जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लोकं इचारून राह्यले, पोरीनं शिक्षन काऊन सोडलं म्हून. मी सांगतो, तिनं नाई सोडलं. पन कागदावर काय लिवलं हाय, पोरी? वाच."

मी फोनवर योजनेच्या संकेतस्थळावरचा तुझा अर्ज उघडला आणि त्यापुढचा शेरा वाचला. लाभाचा हक्क स्वेच्छेने सोडला.

"स्वेच्छेनं म्हनजे?"

"म्हनजे आपल्या मनानं."

जाळ्यावरचे हात थांबले. "मंग हे खोडून आन. मले बाकी काई नाई पाह्यजे."

बाकी काही नको. मोर्चा नको, फलक नको, तुझ्या नावानं वाचनालय नको. दोन ओळींचा कागद पाहिजे, की वैशूनं सोडलं नव्हतं.

मी म्हटलं, तुम्हीच चला. मावशींनी धुतलेलं पातळ नेसलं, दुरुस्तीच्या अर्जावर सही केली, आणि आम्ही ऑफिसात गेलो. साहेबानं अर्ज वाचला.

"दुरुस्तीचा अर्ज लाभार्थ्यानं स्वतः हजर राहून द्यायचा असतो."

मी म्हटलं, "ती वारली."

"तेच म्हणतोय मी. मग दुरुस्ती कोणाच्या अर्जावर करू?"

मी टेबलावर हात आपटला. बोलायचं ते सगळं बोलले, तीन तीन विशेषणं लावून बोलले. बाबू धावत आला, चौकीदार धावत आला.  मावशींनी साहेबाच्या टेबलावरून आपला अर्ज उचलला, घडी केली, तुझ्यासारखीच. "येतो सायेब," म्हणाल्या आणि बाहेर निघाल्या.

गेटबाहेर रस्त्याच्या कामाची गिट्टी पडली होती. मावशी वाकल्या, त्यातला एक दगड उचलला आणि गेटच्या खांबाला लागून नीट ठेवला. आडवातिडवा नाही, बसका, हलणार नाही असा.

"मावशी, हे काय?"

"हिले इथीच धरलं, पोरी."

वैशू, मी पाच वर्षं पत्रकं लिहिते आहे. असं एक वाक्य मला लिहिता आलेलं नाही.

रस्त्यावरच रडले मी. मग खोलीवर येऊन एक पत्रक लिहिलं आणि तू खोडलं असतंस ते सगळं आधीच खोडलं. उरलं ते एवढं: "वैशूला इथे धरलं. इथून जाणाऱ्यानं एक दगड ठेवावा. फेकू नये, ठेवावा." संघटनेचा भाऊ म्हणाला, मागण्या कुठं आहेत? म्हटलं, मागणी एकच आहे आणि ती साहेबाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी ते दहा जण आले. ज्यांना मी गद्दार म्हटलं होतं ते दहाही. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, दगड ठेवून वर्गाला गेले. मग दाखल्यांसाठी आलेले म्हातारे, कोणत्या तरी सहीसाठी आठवडाभर फिरणारी बाई, एसटीचा कंडक्टर. झाडीपट्टीतल्या लोकांना पत्रक वाचावं लागत नाही. ढीग दिसला की हात आपोआप खाली जातो.

साहेबानं पोलीस बोलावले. हवालदार आला, विचारलं, "दगडफेक कोनी केली?" मी म्हटलं, "एक तरी फेकलेला दाखवा."  जाताना त्यानंही एक ठेवला. मी खोटं लिहीत नाही, तिथं पंधरा जण होते.

मग साहेबानं चौकीदाराला सांगितलं, उचलून टाक. चौकीदार भाऊ सिंदेवाहीकडचे, केस पिकलेले. "नाई उचलत, सायेब."

"का?"

"वाघानं धरलेल्या मानसाचा ढीग हाय. उचलत नसतेत."

"इथं कुठं वाघ आलाय?"

भाऊंनी साहेबाकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणाले, "मले काय माईत, सायेब. लोकं म्हनते, आत बसते."

वैशू, तू असतीस तर खाटेवरून खाली पडली असतीस हसून.

आता साहेबाची गाडी मागच्या गेटनं जाते. परवापासून मागच्या गेटलाही ढीग आहे. सांगून ठेवते, हे इथं थांबणार नाही. माहितीच्या अधिकारात मी रोज एक कागद मागते आहे, त्याच्याच अक्षरात उत्तर घेते आहे. त्याची बदली सिरोंच्याला झाली तर मी सिरोंच्याच्या एसटीत बसेन आणि तिथं तेलुगूतून पत्रक काढेन. त्याच्या निरोप समारंभाला हारतुरे असतील, तिथंही दारात ढीग असेल. लोक मला म्हणतात, माफ करून टाक, तुझीच ओळ होती ना. माझी होती. माझं मी पाहीन, मेले तरी विसरणार नाही. पण माझी चूक ही त्याची सुटका नाही. मी मूर्ख होते. त्यानं वाचून, समजून, लाल रेघ मारून केलं.

काल बरण्या पुसायला घेतल्या. मरळीच्या बरणीखाली तुझा माफीनामा सापडला, तोच घडी केलेला. पहिल्यांदाच पूर्ण वाचला. साहेबानं सांगितलेला सगळा मजकूर आहे. फक्त "इतरांच्या चिथावणीने" हे शब्द तू लिहून मग खोडलेले आहेत, इतके गिरवून की कागद फाटला आहे. त्यांच्या जागी वर बारीक लिहिलं आहेस, "माझ्या समजुतीने". तुला त्या कागदाची इतकी गरज होती, आणि त्यातही तू माझ्यावर बोट दाखवलं नाहीस. उपकार कर, वैशू, एकदा तरी स्वप्नात येऊन शिवी दे.

आज पहाटेच्या एसटीनं तुझ्या गावी आले. मावशी आणि मी त्या मोहाखाली गेलो. तिथं आता ढीग आहे, कमरेएवढा. मी तळ्याच्या पाळीवरून दोन दगड निवडून आणले होते. पहिला माझा. मी वाकले, ठेवला, आणि फोनवर जे म्हटलं नाही ते म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, मावशींना ऐकू जाईल असं. त्या दुसरीकडे पाहत होत्या. मेणबत्तीचा देव कोणता, ते मला अजून माहीत नाही. तू जिंकलीस.

दुसरा दगड त्या साहेबाचा. मावशी म्हणाल्या, "ठेवून टाक तूच त्याच्या नावानं. वैशू ठेवाची दुसऱ्याचा."

ठेवायचीस. माझा ठेवला होतास. मी तुझ्याइतकी चांगली नाही, वैशू. मी त्याचा ठेवणार नाही. तो दगड परत बॅगेत टाकला आहे, आत्ता परतीच्या एसटीत मांडीवर आहे, जड आहे. उद्या अकरा वाजता मी गेटवर असेन. एक दिवस त्याला गाडीतून उतरावं लागेल, हा दगड हातात घ्यावा लागेल, फाट्यापासून जंगलातून चालत यावं लागेल, आणि तुझ्या आईसमोर वाकून तोंडानं म्हणावं लागेल की तू सोडलं नव्हतंस.

तोवर मी तो वाहते.